लिफाफा उघडण्याआधी: भांडणाच्या टॉक शोंमध्ये पडद्यामागे काय चालतं

कुंपणावरचा (धागाकर्ता)

ब्रिटनमधल्या 'जेरेमी काइल शो'चा विषय निघाला की सगळे निवेदकाच्या आरडाओरड्यावर बोलतात. तो आरडाओरडा होताच. पण निवेदक स्टेजवर येईपर्यंत महत्त्वाचे बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. ते घेणारी माणसं सहसा तरुण, कंत्राटावरची आणि एकाच वेळी चार-चार कथा हातात असलेली असतात. धागा त्यांच्या कामाबद्दल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर जुलै २००५ ते मे २०१९ हा शो सोमवार ते शुक्रवार सकाळी ९.२५ ला लागायचा. चित्रीकरण आधी मँचेस्टरला, नंतर सॅलफर्डला. तीन हजारांवर भाग झाले. विषय ठरलेले: कोण कोणाला फसवतंय, मूल कोणाचं, पैसे कोणी चोरले. मे २०१९ मध्ये ६३ वर्षांचे एक गृहस्थ आपण होणाऱ्या बायकोला फसवलेलं नाही हे सिद्ध करायला आले. पॉलिग्राफचा, म्हणजे खोटं पकडण्याच्या चाचणीचा, लिफाफ्यातला निकाल विरुद्ध गेला. चित्रीकरणानंतर आठवड्याभरात त्यांचा मृत्यू झाला. तो भाग कधीच दाखवला गेला नाही आणि १५ मे २०१९ ला शो कायमचा बंद झाला.

अशा शोचा साचा साधारण असा. कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर पाटी येते: 'जोडीदारावर संशय आहे? फोन करा.' फोन घेणारा रिसर्चर टिपण करतो. कोण, कोणाशी, वाद कशावरून, पोलिस किंवा कोर्टाचं काही प्रकरण आहे का, औषधं चालू आहेत का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरी बाजू यायला तयार आहे का. एकट्या माणसाच्या कथेला किंमत नसते, समोरचा 'बसला' की कथा पक्की. मग गाडी, हॉटेल, जेवण. मानधन सहसा नसतं, पण ज्याच्याकडे परतीच्या तिकिटाचेही पैसे नाहीत त्याला मध्येच उठून जाणं किती अवघड असतं याचा विचार करा. परतीचं तिकीट कार्यक्रमाच्या हातात असतं.

चित्रीकरणाच्या दिवशी दोन्ही बाजूंना वेगळ्या खोल्यांत ठेवतात. कारण सुरक्षेचं देतात आणि ते खरंही आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की दोन खोल्यांमध्ये ये-जा करणारा एकच माणूस उरतो, आणि तो कार्यक्रमाचा असतो. 'ती आत काय म्हणतेय माहितीये का तुझ्याबद्दल?' एवढं एक वाक्य पुरतं. पाहुणा दोन-तीन तास बंद खोलीत, अर्धवट झोपेत, कॉफी आणि सिगारेटवर. मग त्याला थेट दारातून स्टेजवर सोडायचं. चॅनल ४ च्या २०२२ सालच्या माहितीपटात माजी कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना असं तापवलं जायचं हे सांगितलं. आयटीव्हीने आपल्या कार्यपद्धतीचं समर्थन केलं.

मला वाटतं, नीतीचा प्रश्न शोधायचा तर स्टेजवर शोधू नये, दिवसाच्या वेळापत्रकात शोधावा. कोणती गोष्ट कोणाला किती वाजता सांगितली आणि सही किती वाजता घेतली, एवढं मांडून बघितलं तरी पुरे.

आलेखवाला

वेळापत्रकाचा मुद्दा पॉलिग्राफला तर फारच लागू पडतो. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण 'मशीन खोटं पकडतं' हा समज अजून घट्ट आहे.

मशीन खोटं पकडत नाही. छाती आणि पोटाभोवतीच्या दोन नळ्या श्वास मोजतात, बोटांवरचे दोन इलेक्ट्रोड घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता मोजतात, दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडी. संपलं. बाकी सगळं तुलनेवर चालतं. मुद्द्याचा प्रश्न ('गेल्या वर्षात तू दुसऱ्या कोणाशी शरीरसंबंध ठेवलास का?') आणि तुलनेचा प्रश्न ('जवळच्या माणसाशी कधी खोटं बोललास का?') यांच्या आलेखांत फरक बघतात. गृहीतक असं की खरं बोलणारा माणूस तुलनेच्या प्रश्नाला जास्त बिचकेल आणि खोटं बोलणारा मुद्द्याच्या.

आता टीव्हीवर हे गृहीतक का कोसळतं ते बघा. मुद्द्याच्या प्रश्नावर लग्न, घर, मुलांचा ताबा आणि लाखो प्रेक्षकांसमोरची अब्रू टांगलेली आहे. निर्दोष माणूसही त्याच प्रश्नाला सर्वात जास्त बिचकणार. आदल्या रात्री परक्या हॉटेलात झोप नाही, त्यात चिंतेवरची किंवा रक्तदाबाची औषधं. या गोष्टींनीही आलेख बदलू शकतात.

नीट चाचणीला दीड ते तीन तास लागतात. आधी लांब मुलाखत, प्रत्येक प्रश्न शब्दशः वाचून दाखवणं, 'फसवणूक म्हणजे नेमकं काय' याची व्याख्या दोघांनी मान्य करणं. मग तोच प्रश्नसंच किमान तीनदा, दोन प्रश्नांत पंचवीसेक सेकंदांचं अंतर ठेवून. यात काटछाट करायची झाली तर ती पहिल्या मुलाखतीतच होते, आणि चुका तिथेच जन्माला येतात. 'फसवणूक'मध्ये फोनवरचे मेसेज धरायचे का? डेटिंग साइटवर नुसतं खातं असणं? व्याख्या सैल ठेवली तर माणूस मनातल्या मनात अडखळतो आणि आलेख उसळतो.

आणि गणित. समजा परीक्षा ९० टक्के अचूक आहे (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतोय, प्रत्यक्षात इतका दावा करायला आधार नाही). १०० पाहुणे आले, त्यांतले २० खरोखर फसवणारे. मशीन १८ पकडेल, २ सुटतील. उरलेल्या ८० प्रामाणिकांपैकी ८ जणांनाही 'खोटारडे' ठरवेल. म्हणजे लिफाफ्यातून नापास निघालेल्या २६ जणांत ८ निर्दोष. जवळपास तिघांत एक. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २००३ च्या अहवालात हेच म्हटलंय: विशिष्ट घटनेबद्दलच्या चाचण्या नाणेफेकीपेक्षा बऱ्याच चांगल्या, पण अचूकतेपासून बऱ्याच दूर. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खाजगी मालकांना नोकरीसाठी पॉलिग्राफ वापरायला बंदी आहे. कारकुनाची नोकरी ज्यावर ठरवता येत नाही, त्यावर टीव्हीवाले लग्न मोडत होते.

शोमध्ये पडद्यावर खाली बारीक अक्षरांत सूचना यायची की चाचणी करणारे अचूकतेचा दावा करतात, पण तो वादग्रस्त आहे. निवेदक मात्र लिफाफा उघडून कोर्टाचा निकाल वाचावा तसा वाचायचा. २०१९ च्या जूनमध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर निर्मात्यांना अचूकता किती हे विचारलं, तेव्हा ठाम आकडा देता आला नाही.

चहाटळ

@आलेखवाला, झकास. ८/२६ चं गणित मी चोरणार आहे.

थेटप्रश्न

सगळं मान्य. पण प्रौढ माणसं आपल्या पायांनी जातात, सही करतात, तिथे काय चालतं हे त्यांनी शंभरदा टीव्हीवर पाहिलेलं असतं. मग 'बिचारे पाहुणे' हा सूर कशाला? त्यांना मूर्ख समजणं हीही एक प्रकारची तुच्छताच झाली.

कलम_सात

@थेटप्रश्न, रास्त मुद्दा आहे, म्हणून नियमाच्या भाषेतच उत्तर देते.

ब्रिटनची प्रसारण नियामक संस्था ऑफकॉम हिच्या प्रसारण संहितेत सातवा विभाग न्याय्य वागणुकीचा आहे. सही म्हणजे संमती असं तो मानत नाही. ७.३ म्हणतं की सहभागी माणसाला कार्यक्रमाचं स्वरूप आणि हेतू काय, त्याच्याकडून काय अपेक्षित आहे, कोणत्या विषयांवर प्रश्न येतील, आणखी कोण असण्याची शक्यता आहे, मध्ये काही मोठा बदल झाला तर तो, आणि हक्क-जबाबदाऱ्या काय, हे सांगितलं पाहिजे. मगच संमती 'माहितीपूर्ण'. २०२१ पासून यात आणखी एक भर पडली: सहभागामुळे त्याच्या स्वास्थ्याला कोणता धोका संभवतो आणि तो कमी करायला काय केलं जाईल, हेही सांगायचं.

आता हे सगळं एखाद्या 'गुपित उघड' भागाला लावून बघा. आणखी कोण असणार? सांगता येत नाही, तीच तर गंमत. कोणते प्रश्न? सांगितले तर चेहरा तसा पडणार नाही. कार्यक्रम विकतो तो नेमका पाहुण्याला माहीत नसलेला भाग. त्यामुळे पाहुण्याने शंभर भाग पाहिलेले असले तरी स्वतःच्या भागात काय येणार याची त्याला कल्पना नसते. उलट नेहमीच्या प्रेक्षकाला वाटतं, आपण त्या बाजूचे, आपण सुटणार. चाचणी द्यायला निघालेला प्रामाणिक माणूस निकाल आपल्याच बाजूने येईल या खात्रीने येतो. त्याची संमती त्या निकालाला असते, दुसऱ्या निकालाला नसते.

मूर्ख कोणीच नाही. माहितीचा तोल एका बाजूला आहे, एवढंच.

वकिलीचष्मा

कायदा आणि नीती यांत इथे मोठी दरी आहे. 'जेनी जोन्स शो'चं उदाहरण त्यासाठी बघायलाच हवं.

६ मार्च १९९५, शिकागो. भागाचा विषय: समलिंगी माणसांचं गुप्त प्रेम. मिशिगनच्या एका तरुणाला सांगितलं की तुझ्यावर प्रेम करणारं कोणीतरी स्टेजवर समोर येणार आहे. ती व्यक्ती पुरुष किंवा स्त्री कोणीही असू शकेल असं सांगितलं होतं, हा कार्यक्रमाचा दावा. आपली समजूत स्त्री येणार अशीच होती, हा त्याचा. समोर आला ओळखीचा पुरुष. स्टेजवर तो हसला. तीन दिवसांनी त्याने त्या पुरुषाचा खून केला. दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली.

मृताच्या कुटुंबाने शोमागची कंपनी वॉर्नर ब्रदर्स हिच्यावर दिवाणी दावा लावला. १९९९ मध्ये ज्युरीने २.५ कोटी डॉलर भरपाई दिली. २००२ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती रद्द केली. तर्क असा: पाहुण्याला सुरक्षित ठेवण्याची यजमानाची जबाबदारी तो आवारात असेपर्यंत, आणि तिसऱ्या माणसाचा गुन्हा आधीच ओळखून थांबवण्याचं बंधन सहसा कोणावर नसतं. खून झाला तेव्हा दोघे स्टुडिओतून बाहेर पडून तीन दिवस झाले होते.

कायद्याच्या चौकटीत हे सुसंगत आहे. पण निर्मात्यांनी त्यातून घेण्यासारखा धडा असा: स्टेजवरचं हसू हा संमतीचा पुरावा नाही. कॅमेऱ्यासमोर, टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांत, माणूस हसतोच. खरी प्रतिक्रिया घरी गेल्यावर येते.

थेटप्रश्न

पटलं, बऱ्याच अंशी. मग उपाय काय, शो बंद करणं? प्रेक्षकांना भांडण बघायचंच आहे. नटांकडून करून घ्या, कोणाचंच नुकसान नाही.

पेटीमास्तर

नटांचा प्रयोग झालाय की. १९९९ च्या फेब्रुवारीत डेली मिररने उघड केलं की बीबीसीच्या 'व्हनेसा' या दिवसाच्या शोमधले काही पाहुणे एजन्सीकडून आणलेले बनावट होते. शो त्याच वर्षी गुंडाळला गेला. कारण उघड आहे: 'खरी माणसं' म्हणून दाखवायचं आणि नट आणायचे, ही प्रेक्षकाची फसवणूक. पाटी टाकून 'नाट्यरूपांतर' म्हटलं तर फसवणूक राहत नाही, पण मग ते बघतं कोण?

बनावट पाहुणे येण्याचं कारण मात्र कामाच्या पद्धतीत आहे. आठवड्याला पाच भाग, प्रत्येकात तीन-चार कथा. म्हणजे पंधरा ते वीस जोड्या दर आठवड्याला. त्यातल्या काही आदल्या रात्री फिरतात. रिकामी जागा भरायची तर एजन्सीचा फोन नंबर हाताशी असतोच. किंवा मग ज्याला आधी नको म्हटलं होतं अशी कथा परत काढायची, हे जास्त धोक्याचं.

आता मंचाबद्दल, कारण त्यावर कोणी लिहिलं नाही. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत हेराल्डो रिव्हेराच्या शोमध्ये वर्णद्वेषी तरुण आणि कृष्णवर्णीय हक्कांसाठी लढणारा कार्यकर्ता एकाच स्टेजवर बसवले. खुर्च्या उडाल्या, रिव्हेराचं नाक मोडलं आणि त्या भागाची मोठी चर्चा झाली. मारामारीने प्रेक्षक येतात हे सगळ्यांना कळलं. मग 'जेरी स्प्रिंगर' या अमेरिकी शोमध्ये सुरक्षारक्षक हेच एक आकर्षण झालं. त्यांचा प्रमुख स्टीव्ह विल्कोस पुढे स्वतःच्या शोचा निवेदक झाला. १९९९ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेने स्प्रिंगरला बोलावून विचारलं: मारामाऱ्या खऱ्या असतील तर पोलिस अटक का करत नाहीत आणि खोट्या असतील तर तसं सांगत का नाही? या प्रश्नातून सुटायला जागा नाही.

तांत्रिक बाजू अशी. रक्षक कुठे उभे आहेत यावरून दिग्दर्शकाचा हेतू कळतो. दोन खुर्च्यांच्या मध्ये, एक पाऊल पुढे उभे असतील तर मारामारी होऊ द्यायची नाही. विंगेत, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर असतील तर पहिला गुद्दा पडेपर्यंत थांबायचं आहे. खुर्च्यांमधलं अंतर हाताच्या टप्प्यात की बाहेर, खुर्ची उचलता येण्याइतकी हलकी की जमिनीला पक्की, दुसरा पाहुणा पहिल्याच्या समोरून येतो की पाठीमागून. पाठीमागून आणणं सर्वात वाईट, कारण माणूस दचकून उठतो आणि उठलेला माणूस भांडायच्या पवित्र्यातच असतो. सेट लावताना फ्लोअर मॅनेजर या सगळ्यावर खुणेची टेप मारतो, म्हणजे हे योगायोगाने होत नाही.

कुंपणावरचा

@पेटीमास्तर, टेपचा मुद्दा जबरदस्त. २००७ मध्ये मँचेस्टरच्या एका न्यायाधीशाने 'जेरेमी काइल'ला माणसांची अस्वलझुंज म्हटलं होतं, तेही स्टेजवरच एकाने दुसऱ्याला डोक्याने मारल्याच्या खटल्यात. त्याच वर्षी प्रायोजकही बाजूला झाला. तरी शो पुढे बारा वर्षं चालला. म्हणजे बाहेरून लागलेली टीका पुरत नाही.

डबलशिफ्ट

मूल कोणाचं, या प्रकाराबद्दल. पॉलिग्राफच्या उलट इथे चाचणी पक्की असते आणि गोंधळ दुसरीकडे असतो.

गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना, मूल, आई आणि कथित बाप तिघांचा. वीसेक किंवा जास्त जनुकीय खुणा जुळवतात. मुलाच्या प्रत्येक खुणेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. बऱ्याच ठिकाणी जुळली नाही तर तो बाप नाही. सगळीकडे जुळली तर ९९.९ टक्क्यांच्या वर. चूक होण्याच्या जागा दोन: संशयित दोघे सख्खे भाऊ असतील आणि प्रयोगशाळेला सांगितलंच नसेल, किंवा नमुना घेताना ओळख तपासली नसेल. ब्रिटनमध्ये २००४ च्या मानवी ऊती कायद्याने योग्य संमतीशिवाय कोणाचा नमुना डीएनए तपासण्यासाठी जवळ बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे कागद नीट असतात.

पण ज्याचा खरा प्रश्न आहे ते मूल तिथे नसतं. असतो त्याचा फोटो, मागच्या मोठ्या पडद्यावर, कधी दोन्ही 'बापां'च्या फोटोशेजारी, नाक-डोळे जुळवायला. ऑफकॉमच्या संहितेतले १.२८ आणि १.२९ हे नियम अठराखालच्या सहभागींच्या सन्मानाची काळजी घ्यायला सांगतात, पालकांनी संमती दिली असली तरीही. फोटोवाल्या मुलाला 'सहभागी' म्हणायचं की नाही, इथे वाद होतो. माझ्या मते म्हणायलाच हवं. तीन वर्षांचं मूल तेरा वर्षांचं होतं तेव्हा ती क्लिप शाळेत फिरते.

मधलीसुट्टी

आपल्याकडचं कोणी लिहीतच नाहीये. 'सच का सामना' विसरलात?

वकिलीचष्मा

@मधलीसुट्टी, विसरलो नाही, त्याचीच वाट बघत होतो.

'सच का सामना' जुलै २००९ मध्ये स्टार प्लसवर सुरू झाला. खाजगी प्रश्नांची उत्तरं पॉलिग्राफवर खरी ठरली तर बक्षीस, एक कोटीपर्यंत. हा साचा आधी कोलंबियात दाखवला गेला होता. तिथे २००७ मध्ये एका बाईने नवऱ्याला मारण्यासाठी सुपारी दिल्याचं कबूल केलं आणि शो बंद करावा लागला. तो साचा तरीही जगभर विकला गेला. आपल्याकडे राज्यसभेत गदारोळ झाला, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची नोटीस गेली, दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. सगळा वाद 'संस्कृती'वर झाला. चाचणीच्या विश्वासार्हतेवर कोणी फारसं बोललं नाही.

गंमत पुढे आहे. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात ठरवलं की आरोपीवर पॉलिग्राफ सक्तीने करता येणार नाही. स्वेच्छेने करायची तर मानवी हक्क आयोगाच्या सूचना पाळायच्या: वकील उपलब्ध हवा, संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली हवी. खुनाच्या आरोपीला एवढं संरक्षण, आणि टीव्हीवरच्या नवऱ्याला मेकअप रूममध्ये पुढे केलेला कागद आणि पेन.

दुसरं उदाहरण 'राखी का इन्साफ', २०१०, इमॅजिन टीव्ही. घरगुती भांडणं सेटवर 'निकाली' काढायची. झाशीकडच्या एका पाहुण्याचा सर्वांसमोर पौरुषावरून अपमान झाला, नंतर त्याचा मृत्यू झाला आणि नातेवाइकांनी पोलिसात तक्रार केली. नोव्हेंबरमध्ये मंत्रालयाने शो रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत हलवायचा आदेश दिला. बघा, उपाय कसला तर वेळेचा. लहान मुलांनी बघू नये एवढीच काळजी. पाहुण्याचं काय, तो प्रश्न रात्री अकरा वाजताही तसाच राहतो.

कलम_सात

हा फरक फार महत्त्वाचा. आपली केबल टीव्हीची कार्यक्रम संहिता प्रेक्षकाला वाचवते: अश्लीलता, बदनामी, धार्मिक भावना वगैरे. सहभागी माणसाची काळजी घेण्याची स्पष्ट जबाबदारी तिच्यात शोधावी लागते. ऑफकॉमनेही ती उशिराच घातली. ५ एप्रिल २०२१ पासून ७.१५ लागू झालं: सहभागामुळे गंभीर हानीचा धोका असेल अशा माणसाची योग्य ती काळजी घ्यायची.

धोका कोणाला, हे ओळखायच्या खुणाही दिल्यात. माणूस आधीच नाजूक अवस्थेत आहे का, त्याला प्रसिद्धीची सवय नाही का, चित्रीकरण कृत्रिम वातावरणात आहे का, माध्यमांचं खूप लक्ष जाणार आहे का, कार्यक्रमाचा गाभाच संघर्ष किंवा भावनिक कसोटी आहे का, आयुष्य बदलणाऱ्या खाजगी गोष्टी उघड करायच्या आहेत का. भांडणाच्या शोला यातले किती लागू पडतात ते मोजा. जवळजवळ सगळे.

डबलशिफ्ट

कागदावर ठीक, पण चाळणी कुठे फाटते ते सांगते. मे २०१९ च्या प्रकरणात त्या गृहस्थांना आधी नाकारलं होतं, कारण त्यांना नैराश्याचं निदान होऊन औषधं सुरू होती. मग त्यांनी डॉक्टरचं पत्र आणलं आणि ते आत आले. म्हणजे चाळणीने काम केलं, आणि तीच चाळणी ओलांडायची वाटही तिनेच दाखवली. 'पत्र आणलंत तर बघू' असं म्हटलं की शोमध्ये यायला धडपडणारा माणूस पत्र आणतोच. ती धडपड हीच धोक्याची खूण मानायला हवी. २०२४ च्या मृत्युचौकशीत न्यायाधिकाऱ्याने आत्महत्या असा निष्कर्ष काढला. शोमुळेच ती झाली असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही असंही म्हटलं. त्यामुळे कारण-परिणामाचा दावा मी करत नाही. पण पत्राचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही.

चांगली पद्धत साधारण अशी असावी. मानसोपचार तज्ज्ञाला 'नको' म्हणायचा अंतिम अधिकार, आणि त्याचं उत्तरदायित्व निर्मात्याकडे नाही, वाहिनीकडे. मूल्यांकन फोनवर दहा मिनिटांत नाही, समोर बसून, चित्रीकरणाच्या निदान काही दिवस आधी. त्यात सरळ विचारायचं: निकाल तुमच्या विरुद्ध आला तर आज रात्री तुम्ही कुठे झोपणार? ज्याचं उत्तर 'तिच्याच घरी' असेल त्याची वेगळी सोय आधीच करून ठेवायची, कारण निकालानंतर त्याला घर उरत नाही. हा प्रश्न एकही फॉर्म विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगी आहे.

निकाल स्टेजवर न सांगता आधी खाजगीत सांगायचा. मग हवं तर चित्रीकरण. नाट्य जातं, जाऊ दे. चित्रीकरणानंतर पाहुण्याला एकट्याने गाडीत बसवून परत पाठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने फोन, आणि प्रसारणाच्या आदल्या दिवशी पुन्हा. हा शेवटचा फोन लोक विसरतात. स्प्रिंगरच्या शोमध्ये आलेल्या एका बाईचा २००० सालच्या जुलैमध्ये तिचा भाग दाखवला त्याच दिवशी फ्लोरिडात खून झाला, चित्रीकरण मे महिन्यातलं होतं आणि आरोपी होता तिचा पूर्वीचा नवरा. प्रसारणाचा दिवस म्हणजे पाहुण्यासाठी दुसरं चित्रीकरणच, फक्त आता शेजारीपाजारीही बघतात.

आपल्याकडे कोणी असा शो करत असेल तर निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाहुण्याच्या हातात छापील द्यावा, पडद्यावरच्या पाटीत नको.

चहाटळ

एवढं सगळं केलं तर एका भागाचा खर्च दुप्पट.

डबलशिफ्ट

होईल. दिवसाचा शो स्वस्त असतो म्हणूनच दिवसाला लावतात. पाहुण्याला मानधन नाही, पटकथा लेखक नाही, सेट एकच. त्या स्वस्ताईचा एक हिस्सा पाहुणा भरत असतो.

मधलीसुट्टी

आता टीव्हीपेक्षा यूट्यूबवर नवरा-बायकोला समोरासमोर बसवून 'न्याय' देणारे चॅनल जास्त झालेत. मराठीतही. तिथे तक्रार कुठे करायची?

वकिलीचष्मा

टीव्ही वाहिनी असेल तर २०२१ च्या सुधारित केबल नियमांनुसार आधी वाहिनीकडे लेखी तक्रार. २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे, मनोरंजन वाहिन्यांसाठी बहुधा बीसीसीसी (ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स काउन्सिल). त्यानंतर मंत्रालय. तक्रारीत तारीख, वेळ, वाहिनी आणि कितव्या मिनिटाला काय दाखवलं हे लिहा. 'कार्यक्रम घाणेरडा आहे' असं लिहिलेली तक्रार पहिल्याच पायरीवर पडते.

यूट्यूबला केबलचे नियम लागू नाहीत. तिथे गोपनीयतेची तक्रार ज्याचा चेहरा किंवा नाव आहे त्याने स्वतः करायची. व्हिडिओची लिंक आणि नेमकी वेळ द्यायची. अपलोड करणाऱ्याला काढून टाकायला ४८ तास मिळतात, नाही काढला तर यूट्यूब ठरवतं. मूल दिसत असेल तर पालक करू शकतात. अत्याचारपीडित मुलाची ओळख उघड केली असेल तर पॉक्सोचं कलम २३ लागतं, मग यूट्यूबच्या उत्तराची वाट न बघता थेट पोलिस.

अडचण एकच. बहुतेक रिलीज फॉर्ममध्ये (चित्रीकरण वापरायला संमती देणारा कागद) 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, पुनर्संपादनाच्या हक्कासह' असं एक वाक्य असतं. सही करण्याआधी तेच खोडायला सांगावं. खोडून त्याजागी मुदत लिहायची, क्लिप वेगळी कापून टाकायला मनाई लिहायची, आणि दोन्ही बाजूंनी त्या ओळीशेजारी सही करायची. खोडू देत नसतील तर फॉर्मचा फोटो काढून वकिलाला पाठवा आणि तोपर्यंत माइक लावून घेऊ नका.

थेटप्रश्न

माइक न लावण्याचं का?

पेटीमास्तर

कारण कॉलर माइक एकदा लागला की पीसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या कंट्रोल रूममध्ये, आवाज सुरूच असतो. पाहुणा खोलीत जे पुटपुटतो ते सगळं तिकडे ऐकू येतं, आणि निवेदकाच्या कानात पोहोचायला दहा सेकंदही लागत नाहीत.